वाळला की बसला

गोधडीतल्या छबूच्या हिरव्या ठिगळात लाल रंग शिरला, त्या सकाळपासून ती आबासोंच्या आवाजात बोलू लागली. छबू धाकटी सून आणि आबासो तिचे थोरले दीर. चुलीपुढं भाकरी थापता थापता छबू जड, घोगऱ्या आवाजात "चहा टाक" म्हणाली आणि तिच्या नवऱ्यानं मुकाट्यानं उठून आधण ठेवलं. घरात कुणालाच त्याचं काही वाटलं नाही. वाटलं ते एकट्या शालनला, मधल्या सुनेला, कारण गोधडी तिनं शिवली होती.

दोष तिचा नव्हता, हे आधीच सांगितलेलं बरं. घरातल्या प्रत्येकाच्या जुन्या कापडाचं एकेक ठिगळ घ्यायचं आणि मधोमध थोरल्याचा फेटा लावायचा, ही त्या घरची रीत. सुई ओवायच्या आधी शालननं एवढंच विचारलं होतं, "आबासो, फेट्यावर ओलं पांढरं फडकं घासून बघू का? लाल हाय. सुटंल."

आबासोंनी मान वर केली. "माझ्या फेट्याची परीक्षा घेणार व्हय तू?"

"परीक्षा न्हाई ओ. नुसतं बघायचं."

"गप शीव," आत्ती म्हणाली. आत्ती म्हणजे शालनची सासू. "पाण्यात मूठभर मीठ टाक. बसतोय रंग."

मिठानं रंग बसतो असं सगळी इचलकरंजी म्हणते. सुटायचा तो सुटतोच, आणि बसतो तो भलत्याच्याच अंगावर. हातभर ओल्या चिंधीनं निभावलं असतं. पण तेवढ्यानं फेट्याचा मान जात होता म्हणे! घर बुडालं तरी चालेल, मान कोरडा राहिला पाहिजे. शालनच्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण ती मूग गिळून शिवत राहिली.

तिचं स्वतःचं ठिगळ वर नव्हतंच. तिचं लग्नातलं निळं, जवळजवळ काळं लुगडं अस्तराला लावलं होतं. अस्तर कोण बघतं? त्याला ओलं फडकं लावावं असं कुणाच्याही मनात आलं नाही, तिच्याही नाही.

गोधडी पहिल्यांदा धुतली आणि दोरीवर घातली, तसा फेट्याचा लाल चालू लागला. छबूचं हिरवं गेलं. मग शालनच्या नवऱ्याचं, वसंताचं चौकडीचं ठिगळ गेलं, आणि तो आबासोंच्या आवाजात खाकरला. मग आत्तीचं जांभळं. ज्याचं ठिगळ लाल होई, त्याची खोली आबासोंच्या खोलीला जाऊन मिळे. मधली भिंत नुसती नसे. दुपारपर्यंत पुढचा सोपा गेला, माजघर गेलं, स्वयंपाकघराचा चुलीकडचा कोपरा तेवढा उरला. त्या एवढ्या मोठ्या खोलीत आबासो मधोमध बसून होते. फेटा विटत चालला होता आणि तेही विटत चालले होते, पण चेहऱ्यावर समाधान होतं. त्यांना बोलायची गरजच उरली नव्हती.

"चहा टाक," वसंता म्हणाला.

"चहा टाक," आत्ती म्हणाली.

सगळेच सांगणारे झाल्यावर टाकणारं कोण उरणार? शालननं चहा टाकला. कपबश्या अशा आपटल्या की दोन कान तुटले. "वसंता," ती आयुष्यात पहिल्यांदा नवऱ्याला नावानं हाक मारून म्हणाली, "तुमचा आवाज कुठाय?" त्यानं बशीत चहा ओतला आणि फुंकला.

तेवढ्यात वैजू शाळेतून आली. शालनची एकुलती लेक, गल्लीभर हसणं ऐकू जाणारी. गोधडीच्या कोपऱ्यात तिच्या पिवळ्या झबल्याचं ठिगळ होतं. तो कोपरा अजून उघडाच होता. गोधडी उपाशी राहू नये म्हणून शेवटच्या टाक्याआधी तिच्या पोटात पोळीचा घास ठेवतात, आणि तो, गोधडी धुऊन वाळली की, आबासोंच्या हातून ठेवायचा होता.

"आई, बाईंनी मला गाण्यात घेतलंय," वैजू म्हणाली. "मला वेणी घालून दे, आणि रिबीन... चहा टाक."

वैजूनं दोन्ही हातांनी तोंड दाबलं. शालन धावत दोरीकडं गेली. पिवळ्याच्या एका कडेला लाल लागला होता. गोधडी अजून ओली होती.

शालनची आई सांगायची, रंग सुटला तर भिऊ नको, पण वाळू देऊ नको. वाळला की बसला. कढत पाणी घे, साबण घाल, पुरतं बुडव, पाणी बदल, आणि पाणी नितळ येईपर्यंत थांबू नको. शालननं गोधडी ओढून मोरीत आणली, बंब पेटवला आणि घंगाळ भरलं. तेव्हा मोरीचीही एक भिंत गेलेली होती.

लाल पाणी ती ओतत गेली. ते परसातल्या कढीपत्त्याला गेलं आणि कढीपत्ताही चहा मागू लागला. आबासो सोडले तर सगळे मोरीच्या तोंडाशी गोळा झाले.

"उनात टाक," सगळे एका आवाजात म्हणाले. "वाळू दे."

"न्हाई वाळू देणार!" शालन ओरडली. "एवढंसं फडकं घासू दिलं न्हाईसा! मेल्यांनो, एवढंसं फडकं!"

तिनं गोधडी पुन्हा बुडवली, पुन्हा पिळली. प्रत्येक पाण्यासरशी लाल फिका होत गेला. मग एका पाण्याला लाल आलाच नाही. निळा आला.

अस्तराचा रंग सुटला होता. इतकी वर्षं आवळून धरलेलं सगळं त्या कढत पाण्यात मोकळं झालं. हिरवं, जांभळं, चौकडी आणि मधला फेटासुद्धा बघता बघता निळं-काळं झालं. दारात वसंतानं तोंड उघडलं आणि त्यातून शालनचा आवाज आला.

"मी सांगितलं हुतं."

"सांगितलं हुतं!" आत्ती म्हणाली. छबू किंचाळली. आत बसलेले आबासो उठले आणि शालनच्या आवाजात भिंतींना सांगू लागले, "परीक्षा न्हाई ओ, नुसतं बघायचं हुतं! नुसतं बघायचं हुतं!" कढीपत्ताही तेच म्हणाला. खोटं कशाला बोला, शालनला बरं वाटलं. जन्मभर गिळलेलं सगळं चारी बाजूंनी बाहेर पडत होतं, आणि तिनं ते घटकाभर ऐकलं.

"सांगितलं हुतं," वैजू म्हणाली.

तो आवाज वैजूचा नव्हता. तिचे डोळे विस्फारले होते आणि हात पुन्हा तोंडावर गेले होते.

शालननं उघड्या कोपऱ्यातल्या पिवळ्या ठिगळाचे टाके दातांनी तोडले आणि ते गोधडीपासून वेगळं केलं. एका कडेला लाल होता, दुसरीकडून निळा चढत होता, मध्ये तळहाताएवढं पिवळं शिल्लक होतं. तिचे हात कोपरापर्यंत निळे होते. बंबात थेंब नव्हता, घंगाळात होतं ते सगळं निळंच. मोरीत ऊन आलं होतं आणि ठिगळाची कड वाळून ताठ व्हायला लागली होती.

मग तिनं ते ठिगळ तोंडात घातलं आणि ओठ मिटले.

त्यासरशी घरातले सगळे गप्प झाले. तोंडं उघडी होती, पण शालनचं मिटलेलं असताना त्यांच्यातून काय येणार? गल्लीतल्या मागांचा खडखडाट तेवढा ऐकू येऊ लागला. शालन भिंतीला टेकून ठिगळ चोखत राहिली, ओलं ठेवत राहिली. तिच्या हनुवटीवरून आधी लाल ओघळ आला, मग निळा.

वैजू तिच्यासमोर उकिडवी बसली. तिनं हात खाली घेतले, खोल श्वास घेतला आणि गाण्यासाठी तोंड उघडलं, तेव्हा लाल-निळा संपून ओघळ वैजूचाच पिवळा यायला लागला होता.