लॅन्सची जुळी

"आली! जुळी आली!"

विराबिलाच्या बोलिंग क्लबात शुक्रवारी संध्याकाळी आरोळी उठली आणि खिडकीबाहेरच्या हिरवळीवर खेळणारी म्हातारी मंडळीसुद्धा चेंडू टाकून आत धावली. भिंतीवरच्या पडद्यावर किनो या आकड्यांच्या जुगाराची सोडत नुकतीच संपली होती. ऐंशी आकड्यांतून यंत्राने वीस काढले होते आणि त्यांत तेवीस आणि चोवीस शेजारीशेजारी चमकत होते. समोर खुर्चीवर लॅन्स ग्रिमवेड डोळे मिटून, दोन्ही हात वर करून उभा होता.

"आकडे म्हणजे मेंढरं, दोस्तांनो," तो म्हणाला. "एकटं मेंढरू कधी चरत नाही. पुढच्या सोडतीतही जुळी येणार. शिवाय आत्ता आलेल्यांपैकी कुणीतरी परत घरी येणार. मला त्यांच्या खुरांचा आवाज ऐकू येतोय!"

तीन-चार मिनिटांनी पुढची सोडत झाली. आठ-नऊ आले. तेवीस परत आला. लोकांच्या अंगावर काटा आला. माझ्याही.

आता मी कोण ते सांगतो, म्हणजे हसायला सोयीचं पडेल. मी क्लाइव्ह ऑडली, क्लबाचा खजिनदार, गावच्या हायस्कुलातला निवृत्त गणित शिक्षक. फासे, पत्ते आणि रंगीत गोट्या घेऊन संभाव्यता शिकवण्यात माझा जन्म गेला. लॅन्सचं भाकीत सलग तिसऱ्या शुक्रवारी खरं ठरताना पाहून एवढ्या विद्वान माणसाने काय केलं असेल? मी त्याला बिअर पाजली.

लॅन्स कुठून आला ते कुणाला ठाऊक नव्हतं. तो आकडे निवडून द्यायचा, आपला छोटासा वाटा घ्यायचा आणि आम्ही लावायचो. बरेच दिवस न आलेला आकडा लावा, कारण तो भुकेला असतो, असं तो सांगे. मग नुकताच आलेला आकडाही लावा, कारण तो रंगात असतो. मी दोन्ही वेळा गंभीरपणे मान डोलावली. मग लावायचा नाही तो आकडा कुठला, असं माझ्या वर्गातल्या ढ मुलाने विचारलं असतं. मी नाही विचारलं.

आमच्या क्लबाची एक रीत आहे. किनोत कुणी काहीही जिंकलं की त्याने काउंटरवरची पितळी घंटा वाजवायची आणि सगळ्यांना एकेक ग्लास पाजायचा. लॅन्स आल्यापासून घंटा सारखी वाजत होती. गावभर बोभाटा झाला, लॅन्सच्या आकड्यांवर पैसा बरसतोय.

इथपर्यंत गंमत होती. त्या शुक्रवारी लॅन्स खुर्चीवरून उतरला आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "प्रोफेसर, तो बसचा निधी बँकेत झोपलाय ना? त्याला जरा चरायला सोडू या. एका बसच्या दोन होतील."

आमची जुनी बस शेवटच्या घटका मोजत होती. नव्या बससाठी आम्ही दोन वर्षं सॉसेज भाजले होते, लॅमिंग्टन केक विकले होते. ती बस मुख्यतः नोरीनबाई टॅचेलसाठी. त्यांची मूत्रपिंडं निकामी झाली आहेत. आठवड्यातून तीनदा डायलिसिससाठी मोठ्या गावच्या इस्पितळात न्यावं लागतं, आणि जाऊन-येऊन अख्खा दिवस मोडतो. बस नसेल तर घरदार सोडून किनाऱ्यावरच्या शहरात मुलीकडे कायमचं जायचं. त्यांना ते नको होतं.

आणि मी चेकबुक काढलं! "नोरीनबाईंना दोन बसगाड्या," असं मी मोठ्याने म्हणालोसुद्धा. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"मला एकीतच बसता येतं, क्लाइव्ह," कोपऱ्यातून आवाज आला. "पेन खाली ठेव."

नोरीनबाईंनी बालवर्ग शिकवलेला. गावातल्या निम्म्या लोकांची नाकं त्यांनी पुसली आहेत, त्यांत मीही आलो. त्यांनी 'ठेव' म्हटलं की माणूस ठेवतो.

"बेव्हन," त्या काउंटरमागच्या बेव्हनला म्हणाल्या, "मटणाच्या सोडतीचं पिंप आण. गोट्या एक ते ऐंशी ठेव, बाकीच्या काढ. आणि लॅन्स, तू जरा कुंपणापाशी जाऊन उभा राहा. तुझी शक्ती इथे सांडायला नको."

लॅन्स हसला, पण गेला. दर शुक्रवारी आम्ही ज्या पिंपातून चॉप्सचं ताट कुणाला मिळणार ते ठरवतो, ते टेबलावर आलं. नोरीनबाईंनी डोळे मिटले, दोन्ही हात वर केले आणि घोगऱ्या आवाजात म्हणाल्या, "मला खुरांचा आवाज येतोय! जुळी येणार!"

बेव्हनने पिंप फिरवून वीस गोट्या काढल्या. एकसष्ट, बासष्ट.

"आता त्या परत टाक. यातलंच कुणीतरी घरी येणार!"

आले. एक सोडून सहा.

"ही बाई पण तसलीच!" मागून कुणीतरी कुजबुजलं.

"मूर्खा, ही बाई तसली काही नाही," नोरीनबाई म्हणाल्या. "आता भाकीत बेव्हनचा कुत्रा करील. काय रे डिगर, जुळी येणार का?"

डिगर भुंकला. जुळी आली. त्या दिवशी आमच्या गावात एक कुत्रा संत झाला असता, थोडक्यात राहिला.

"ऐंशीतले वीस, म्हणजे दर चारांतला एक बाहेर येतो," नोरीनबाई म्हणाल्या. "एवढी गर्दी झाल्यावर दोघे शेजारी बसणारच. जुळ्यांशिवाय सोडत निघायची तर पाचशेंत एखादी. मागच्या विसांतले साधारण पाच परत येणारच. क्लाइव्ह, हे मी तुला सांगायचं का?"

मी टेबलाखाली चष्मा शोधू लागलो. तो माझ्या नाकावर होता.

"जुळी येणार, हे तो आधी सांगतो," त्या पुढे म्हणाल्या. "कोणती जुळी, ते कधी सांगतो?"

"आल्यावर," बेव्हन हळूच म्हणाला. मग त्याला धीर आला. "पण बाई, लोक जिंकलेत! घंटा मी माझ्या कानांनी ऐकलीय."

"जिंकल्यावर घंटा वाजते. हरल्यावर काय वाजतं?"

नोरीनबाईंनी किनोच्या यंत्राजवळची कचऱ्याची टोपली उचलली आणि टेबलावर पालथी केली. चुरगळलेल्या तिकिटांचा ढीग टेबलावरून जमिनीवरही सांडला. ही एका संध्याकाळची हार होती आणि तिचा आवाज कुणाच्या कानावर गेला नव्हता. त्यात वरची चार तिकिटं माझी.

तेवढ्यात लॅन्स आत आला. ढीग पाहून म्हणाला, "अविश्वासाने आकडे बुजतात, दोस्तांनो."

"लॅन्स, तुझा वाटा कशावर?" बाईंनी विचारलं. "जिंकलेल्या पैशांवर, की लावलेल्या?"

"लावलेल्या. तशीच पद्धत आहे."

"तुला मेंढरांवर एवढा विश्वास, तर जिंकलेल्यांवर घे ना."

लॅन्सने घड्याळ पाहिलं. त्याला अचानक कुठेतरी जायचं आठवलं. मी अर्धा लिहिलेला चेक फाडला. बाई त्या कोपऱ्यात बसल्या नसत्या तर मी त्यांना गावाबाहेर काढलं असतं, तेही टाळ्या घेत. आजही आठवलं की लाज वाटते.

किनो खेळायचा तर खेळा. मीही कधीमधी खेळतो. पण एक आकडा लावा की दहा, भुकेला लावा की रंगातला, सरासरीने डॉलरमागे पाव डॉलर यंत्र ठेवून घेतंच. दहाच्या दहा लागायची शक्यता नव्वद लाखांत एक. कुठल्याही पद्धतीने यात फरक पडत नाही. आणि कुणी चमत्कार दाखवला तर टाळी वाजवण्याआधी एवढंच विचारा, की याची हार कुठे पडलेली असते?

नवी बस आली. मंगळवारी, गुरुवारी, शनिवारी ती मी चालवतो. इस्पितळात नोरीनबाई चार तास यंत्राला जोडलेल्या असतात आणि ते यंत्र त्यांचं रक्त थेंबाथेंबाने धुतं. तिथे कुणी हात वर करून डोळे मिटत नाही. नर्स आकडे वाचते, लिहून घेते, पुन्हा तपासते. बाई जिवंत आहेत त्या त्यामुळे.