सरूबाईंच्या शेजारी

"ए, शेळी आत नाही आणायची!" धनश्री सिस्टर खुर्चीवरून उठल्याच. तोवर शेळी आरोग्य उपकेंद्रात शिरून वजनकाट्याचा वास घेत होती. तिच्यामागे कडेवर नऊ महिन्यांची लेक घेतलेली सुफिया, आणि सगळ्यांत शेवटी धापा टाकत निमोणे गावच्या आशा सेविका सरूबाई.

वीटभट्टीवर दोन पोरांच्या अंगावर गोवर उठला होता. उद्या सकाळी भट्टीवरची माणसं ट्रकमध्ये बसून दुसऱ्या जिल्ह्यात जाणार होती. सुफियाच्या मुलखात पुरात घराबरोबर कागदही वाहून गेले. लेकीला तर कागद कधी नव्हताच. आणि सिस्टरांचा टॅब बारा आकडी नंबराशिवाय पुढचं पान उघडेना. सकाळी मायलेकी तशाच परत गेल्या होत्या.

"सिस्टर, मी हिला सांगितलं, बारा आकडी सरकारी नंबर लागतो," सरूबाई पदरानं तोंड पुसत म्हणाल्या. "तर ही पळत जाऊन शेळीच घेऊन आली."

सुफियानं शेळीचा कान धरून पिवळा बिल्ला पुढे केला. "देखो दीदी, पूरा बारा है. मैंने गिना. सरकारी डाक्टर ने लगाया, भट्टी पे आ के."

"अगं बाई, हा शेळीचा नंबर आहे!"

"बकरी हमारी है ना? बच्ची भी हमारी है."

सरूबाई मध्ये पडल्या.

"बगा की, शेळीला भट्टीवर येऊन टोचलं. कागद न्हाई, पत्ता न्हाई. वर कानात डूल घातलं. आन् ही पोर दोनदा चालत आली."

"नियम मी केलेत का, सरूताई? टॅब पुढे जात नाही."

"मग टॅबला बसू द्या हितंच. टॅबला कुठं गोवर व्हतोय?"

शेळीनं तेवढ्यात भिंतीवरच्या लसीकरणाच्या तक्त्याचा कोपरा फाडून खाल्ला. सिस्टरांनी घड्याळाकडे पाहिलं. गोवराच्या लशीची बाटली एकदा उघडली की चार तासांनी फेकून द्यायची. साडेदहाला उघडलेल्या बाटलीत अजून सहा डोस होते, आणि सव्वादोन वाजून गेले होते.

"धरा," सिस्टर म्हणाल्या.

सरूबाईंनी पोरीचा दंड धरला.

"आधी ती शेळी धरा हो!"

सुई टोचली. पोरीनं असा सूर लावला की शेळीही तिच्या साथीला ओरडली. सिस्टरांनी टॅब उलटा ठेवला आणि कपाटातून कोरं कार्ड काढून हातानं भरायला घेतलं. पत्त्याच्या ओळीपाशी पेन थांबलं.

"पत्ता?"

सुफियानं दारातून दिसणाऱ्या रस्त्याकडे पाहिलं.

सरूबाईंनी पेन मागून घेतलं आणि सावकाश लिहिलं: सरूबाईंच्या शेजारी, निमोणे. खाली स्वतःचा मोबाईल नंबर.

"तुमच्या शेजारी तर गोठा आहे," सिस्टर हसल्या.

"व्हय की. शेळीचीबी सोय झाली."

दुसऱ्या दिवशी सरूबाई भट्टीकडे गेल्या, तर तिथं राख होती आणि पोरीचं एक लोकरीचं टोपडं. ते त्यांनी धुऊन वळचणीला वाळत घातलं, मग घडी करून कपाटात ठेवलं.

सात महिन्यांनी, भाकरी थापताना फोन वाजला. अनोळखी नंबर.

"सरूबाई का? मी दुसऱ्या जिल्ह्यातून बोलतेय, सिस्टर आहे. इथं एक बाई मुलीला डोसाला घेऊन आल्यात. एवढं एक कार्ड सोडलं तर जवळ काहीच नाही. पत्ता तुमच्या शेजारचा आहे. ओळखता का?"

"बरोबर शेळी हाय का?"

पलीकडून खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"हो. दारात उभी आहे."

"मग आमच्या शेजारचीच हाय. टोचा."

आधी शेळी ओरडली, मग पोर. आवाज चांगला ठणठणीत झाला होता. सरूबाई पिठाच्या हातानं फोन कानाला लावून रडणं थांबेपर्यंत उभ्या राहिल्या. तव्यावरची भाकरी करपली. ती त्यांनी स्वतःच्या ताटात घेतली.