स्वखुशीने

रेडिओ केंद्रावर थेट कार्यक्रमांचे फोन उचलणाऱ्या बाईला सगळे फोनताई म्हणायचे. तिला चांगलं नाव होतं, पण पगाराच्या कागदाखेरीज ते कुठे वापरात नव्हतं. काचेच्या अलीकडे तिचं टेबल आणि पलीकडे स्टुडिओ. टेबलावर सहा लाईनींचा फोन, प्रत्येक लाईनीला एक दिवा. दिवा लागला की उचलायचं, कोण बोलतंय, कुठून, काय म्हणणं आहे ते ऐकायचं आणि एका ओळीत टाइप करायचं. ती ओळ आत स्टुडिओतल्या मोठ्या पडद्यावर दिसे आणि निवेदक हवा तो फोन निवडे. फोन करणाऱ्याचं नाव विचारायचं नाही, फक्त धंदा आणि भाग, असा केंद्राचा नियम होता. नाव नसलं की माणूस मोकळेपणाने बोलतो, असं वरिष्ठांचं मत. वरिष्ठ शहरात राहतात, त्यांना तसं वाटणारच.

पूर्वी ओळ लिहून झाली की ती आत पाठवायला एक बटण दाबावं लागे. त्यात फार वेळ जातो, अशी तक्रार फोनताईनेच दोन महिन्यांपूर्वी बैठकीत केली होती. मग ते बटण काढून टाकलं. आता ती इकडे अक्षर लिही आणि तिकडे ते उमटे. बैठकीत तिचं कौतुक झालं होतं, सगळ्यांसमोर टाळ्याही पडल्या होत्या.

त्या दिवशी सकाळी दहाच्या कार्यक्रमाचा विषय आठवडाभर पेपरांत गाजत होता. डोंगरपट्ट्याचा वेगळा देश मागणाऱ्या चळवळीला पैसा येतो कुठून? आत तिघे बसले होते. निवेदक, त्याच्या डाव्या हाताला आकड्यांची जाडजूड फाईल घेतलेले एक प्राध्यापक, आणि उजव्या हाताला चळवळीचा प्रवक्ता. प्रवक्ता म्हणजे अगदी सालस माणूस. येताना त्याने पायपुसण्यावर बूट पुसले होते आणि "ताई, थोडं पाणी मिळेल का?" असं इतक्या मऊ आवाजात विचारलं होतं की फोनताईच्या हातातून पेला निसटता निसटता राहिला.

कारण फोनताई मूळची डोंगरपट्ट्यातलीच. अकरा वर्षांपूर्वी ती नोकरीसाठी शहरात आली. आई गेली, भाऊ परदेशी गेला, बाबा मात्र तिथेच राहिले. मोठ्या रस्त्यावर ट्रकांचा वजनकाटा होता, तो बाबा चालवत. भरलेला ट्रक काट्यावर चढे, बाबा खिडकीतून आकडा वाचत आणि पावती फाडत. सहा वर्षांपासून ते प्रत्येक ट्रकमागे दोन पावत्या फाडत होते. एक मालकाची आणि एक चळवळीची. दुसऱ्या पावतीचे पैसे न्यायला दर शनिवारी दोघेजण येत. हे बाबांनी तिला फोनवर कधी सांगितलं नव्हतं. ती घरी गेली होती तेव्हा, नळ सोडून, भांडी घासता घासता सांगितलं होतं.

त्या भागात असंच बोलायचं असतं. दोन वर्षांपूर्वी लाकडाचा वखारवाला एका बातमीदाराशी पाच मिनिटं बोलला. वखार जळाली. वखारवाल्याचं काय झालं, हे त्याच्या बायकोनेसुद्धा कुणाला विचारलं नाही.

"पैसा लोक देतात," प्रवक्ता माईकमध्ये सांगत होता. "स्वखुशीने देतात. सहा वर्षांत एकाही माणसाने तक्रार केलेली नाही. एकाही!"

तीन नंबरचा दिवा लागला.

"नमस्कार, बोला," फोनताई म्हणाली.

"मला कार्यक्रमात बोलायचंय." लाईनीत खरखर होती. "मी काट्यावर असतो. ट्रकचा वजनकाटा. डोंगरपट्ट्यातून बोलतोय."

तिची बोटं सवयीने चालली. *३ – वजनकाटेवाला, डोंगरपट्टा –* आणि पलीकडच्या माणसाने घसा खाकरला. एकदा, मग जरा थांबून दुसऱ्यांदा. मोठं काही सांगायच्या आधी असं खाकरणारा माणूस तिच्या ओळखीत एकच होता. तिने भराभर ओळ खोडली. पण पडद्यावर ती किती वेळ राहिली होती? तीन सेकंद? पाच? आणि बटण काढायला लावणारी शहाणी कोण, तर ही!

"बाबा," ती माऊथपीसवर हात धरून कुजबुजली. "मी आहे."

"तू? तुझी तर दुपारची पाळी असते ना?"

"धाकटीच्या दातांसाठी बदलून घेतलीय. ते जाऊ दे. बाबा, तुम्ही फोन ठेवा आधी."

"का ठेवू? तो काय बोलला ऐकलंस ना? एकाही माणसाने म्हणे! अगं, मी एक आहे ना? मी माणसात मोडतो की नाही?"

"मोडता हो, पण ठेवा."

"तू ठेव. मी परत लावीन. दुसरं कोणी तरी उचलेल."

हे खरं होतं. शेजारच्या टेबलावरची मुलगी उरलेल्या लाईनी बघत होती. तिने उचलला तर ती बाबांना आनंदाने आत देईल. तिला काय माहीत? म्हणजे बाबांना सोडायचंही नाही आणि आतही द्यायचं नाही. तीन नंबरवर धरून ठेवायचं, कार्यक्रम संपेपर्यंत. अजून पंचवीस मिनिटं होती. होल्डवर ठेवलेला माणूस हा त्या घडीला जगातला सगळ्यात सुरक्षित माणूस, असं तिला वाटलं. तेवढ्यात हेडफोनमध्ये निवेदकाचा आवाज आला.

"फोनताई, तीनवर वजनकाटेवाला होता ना? गेला कुठे?"

"लाईन तुटली, सर."

"दिवा तर पेटलेला दिसतोय मला इथून."

तिने मान वर केली. काचेपलीकडून निवेदक तिच्या फोनकडे बोट दाखवत होता. मासा गळाला लागल्यासारखा चेहरा झाला होता त्याचा. ती हात हलवून नाही नाही म्हणत होती आणि तो माईककडे वळला.

"मंडळी, आज आपल्याबरोबर थेट डोंगरपट्ट्यातून एक वजनकाटेवाले काका आहेत. पैसा स्वखुशीने जातो की आणखी कशाने, हे त्यांच्याच तोंडून ऐकूया. एका छोट्या विश्रांतीनंतर!"

जाहिराती सुरू झाल्या. प्रवक्त्याने पडद्याकडे पाहिलं, मग काचेतून फोनताईकडे पाहिलं आणि तो हसला. हसणं अगदी साधं होतं.

डोंगरपट्ट्यात वजनकाटे तीनच होते. एक गेल्या वर्षीपासून बंद. एकावर बाई बसते. काका म्हणण्यासारखा माणूस एकाच काट्यावर होता आणि हे तिला जितकं माहीत होतं त्याहून जास्त त्या हसणाऱ्या माणसाला माहीत होतं.

नव्वद सेकंद होते तिच्याकडे. फोन तोडला तर? वजनकाटेवाला बोलायला आला आणि घाबरून पळाला, म्हणजे त्याला सांगण्यासारखं काही होतं. संध्याकाळपर्यंत लोक काट्यावर येतील. ध्वनिमुद्रण बघणाऱ्या माणसाकडे एक लाल बटण होतं. कोणी शिवी दिली तर ते दाबायचं, बाहेर ऐकू जात नाही. पण स्टुडिओत सगळं ऐकू येतंच. प्रवक्ता स्टुडिओतच बसला होता. ते बटण कुचकामी होतं. बाबा खरं बोलले तर मेले, आणि गप्प राहिले तरी मेले.

मग तिला जे सुचलं त्याची तिला तिथल्या तिथे लाज वाटली. लाज वाटली तरी ती बोलली.

"बाबा, ऐका. तुमचं रेडिओवर सांगून टाकलंय. आता बोलावंच लागेल."

"बोलायलाच तर फोन केलाय मी."

"त्यांच्या बाजूने बोला."

तिने घड्याळाकडे पाहिलं.

"स्वखुशीने देतो म्हणा. एवढंच. दोन वाक्यं. बाबा, मी पाया पडते तुमच्या."

"हे माझ्याच्याने व्हायचं नाही, पोरी."

"वखारवाला आठवा!"

"तोच आठवतोय सकाळपासून. शाळेत माझ्या शेजारी बसायचा तो."

"म्हणून तर म्हणतेय!" तिचा आवाज चढला. शेजारची मुलगी वळून बघायला लागली. फोनताईने तोंड भिंतीकडे केलं. "तुमच्या मागे मला कोण आहे? तुम्ही बोलून मोकळे व्हाल. मग ते तुमच्या फोनमध्ये नंबर बघतील, माझा बघतील, इथे येतील. धाकटी सात वर्षांची आहे, बाबा."

मुलीला मध्ये आणायचं नव्हतं तिला. पण भीतीने जीव कासावीस झाला की माणूस हाताशी येईल ते पुढे करतो. बाबांनी श्वास घेतला, तो तिने ऐकला. हेडफोनमध्ये निवेदक म्हणाला, "दहा सेकंद. द्या तीन." तिने तीन नंबर आत दिला.

"बोला काका!"

काही नाही. रेडिओवर तीन सेकंदांची शांतता म्हणजे फार मोठी शांतता. निवेदकाने भुवया वर केल्या. प्रवक्ता पाण्याच्या पेल्याशी बोटाने खेळत होता.

"ऐकू जातंय का माझं?" बाबांचा आवाज आला. घसा मात्र त्यांनी खाकरला नाही.

"अगदी स्वच्छ. बोला."

"हे साहेब म्हणाले ते बरोबर आहे. आम्ही देतो. स्वखुशीने देतो."

"कसली जबरदस्ती वगैरे?"

"छे. कसली जबरदस्ती? येतात, बसतात, जातात. भली माणसं आहेत."

प्राध्यापक पुढे झुकले. "काका, घाबरू नका. काय असेल ते खरं सांगा."

"तुम्ही कुठे राहता, साहेब?"

"मी? इथेच, शहरात."

"बरं," बाबा म्हणाले.

"धन्यवाद, काका," प्रवक्ता मऊपणे म्हणाला. "ट्रक खोळंबले असतील तुमचे. आज गर्दीचा वार."

फोनताईने बाबांना पुन्हा आपल्याकडे घेतलं. तिचे डोळे भरून आले होते आणि ते सुटकेनेच, हे तिने स्वतःशी कबूल केलं. वाचले! बाकी काय व्हायचं ते होवो, आज तरी वाचले.

"बाबा, फार बरं केलंत."

"हं," बाबा म्हणाले. कचेरीतल्या अनोळखी माणसाशी बोलावं तसं.

तेवढ्यात एक नंबरचा दिवा लागला. मग चार. मग दोन, पाच आणि सहा एकदमच. विषय कितीही तापलेला असो, पाची लाईनी एका दमात पेटलेल्या तिने अकरा वर्षांत पाहिल्या नव्हत्या. तिने बाबांना धरून ठेवलं आणि एक नंबर उचलला.

"मी गॅरेजवाला, डोंगरपट्टा. मीही देतो. स्वखुशीने."

तिने टाइप केलं.

"लिहिलंत? वळणावरचं गॅरेज. वळणावरचं असं लिहा, नाहीतर दुसरा कोणी समजतील."

चार नंबरवर बेकरीवाला होता. त्याला आत जाऊन बोलायचं नव्हतं. पडद्यावर आलं की पुरे, असं त्याने दोनदा सांगितलं. दोन नंबरवर एक बाई होती. "आमचे हे आजारी आहेत हो, त्यांना बोलवत नाही. पण औषधाच्या दुकानाचं लिहाच. आम्ही पहिल्यापासून देतो, हौसेने देतो." पाचवर शाळेच्या बसचा ड्रायव्हर. त्याच्या मागे मुलांचा कलकलाट चालला होता, म्हणजे बस रस्त्याच्या कडेला थांबवून तो बोलत होता. प्रत्येकाला घाई. प्रत्येकाचा आवाज हसरा, आणि प्रत्येकाच्या मागे कुणीतरी उभं, हे फोनताईला न बघता कळत होतं. मघाशी ती तशीच उभी होती.

निवेदक खूश होऊन पडद्यावरची यादी वाचून दाखवत होता. प्राध्यापकांनी फाईल मिटली होती. प्रवक्ता पडद्याकडे बघत होता. त्याने खिशातून एक छोटी वही काढली होती आणि निवेदक एकेक धंदा वाचेल तशी तो वहीत खूण करत होता. म्हणजे यादी त्याच्याकडे आधीपासून होती. खूण नसलेले किती उरले, एवढंच आता बघायचं होतं.

फोनताईने पुन्हा तीन नंबर कानाला लावला.

"कोण बोललं?" बाबांनी विचारलं. रेडिओ त्यांच्या बाजूलाच चालू होता, निवेदकाचा आवाज तिला दोन्हीकडून ऐकू येत होता.

"बरेच जण."

"पंक्चरवाला?"

तिने पडदा वरपासून खालपर्यंत पाहिला. "नाही अजून."

"त्याला कमी ऐकू येतं. रेडिओ लावतच नाही तो." बाबांनी आवाज खाली आणला. "तो लिहितोय का वहीत?"

"कोण?"

"तो आत बसलेला. वही काढली असेल त्याने. शनिवारी येतात तेव्हा काढतात तशी."

"हो," फोनताई म्हणाली.

"किती वेळ उरलाय कार्यक्रमाला?"

"नऊ मिनिटं."

खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग काट्याच्या खोलीचं दार, जे नेहमी फरशीला घासायचं, ते घासल्याचा. बाबा दारातून बोलत होते आणि त्यांच्या आवाजात आता रागाचा मागमूस नव्हता. नुसती घाई होती, गॅरेजवाल्याच्या आवाजात होती तशी.

"मी त्याच्याकडे जातो. पळत गेलो तर चार मिनिटं लागतील. त्याला काय म्हणायचं ते मी शिकवतो." मग ते घसा खाकरल्याशिवायच म्हणाले, "तू एक लाईन मोकळी ठेव."

तीनचा दिवा विझला. बाकीचे पाच पेटलेले होते आणि शेजारची मुलगी "ताई, उचला ना," म्हणत होती. फोनताईने तीन नंबरवर हात ठेवला आणि तो मोकळा ठेवला.