टोपीवाल्याची रेघ

माझ्या शिलाईच्या कारखान्यात एक नियम आहे आणि तो मी केलेला आहे. आतल्या खोलीचं दार बंद असलं की बेतणाऱ्या माणसाला हाक मारायची नाही. बाहेर गिऱ्हाईक असो, नाहीतर प्रत्यक्ष जावई. कापडाचे थर टेबलावर रचलेले असतात, त्यातून कटिंग मशीनचं पातं फिरत असतं. हाकेसरशी मान वळली की कापड जातं आणि बोटंही जातात. म्हणून मशीनवर बसायला येणाऱ्या प्रत्येक बाईला मी पहिल्याच दिवशी बजावते, आत आग लागली तरी आधी पातं थांबल्याचं ऐका, मग बोंब मारा.

कारखाना म्हणजे तरी काय, दोन भाड्याच्या खोल्या. बाहेरच्या खोलीत शिलाई मशीनं, इस्त्री आणि मी. आतल्या खोलीत बेतणीचं टेबल आणि माझा मुलगा. दवाखान्यांचे कोट आणि चादरी शिवता शिवता माझे केस पांढरे झाले. आता मालक खोल्या विकायला निघाला होता आणि आधी तुम्हाला विचारतो म्हणाला होता. त्यासाठी साठवलेले पैसे मुलाच्या खात्यात होते. ते गेले तर खोल्या गेल्या, आणि खोल्या गेल्या तर मी कोण? एक म्हातारी, जिच्या हातात कात्री आहे.

मुलालाही हे कळत होतं. म्हणूनच तो ते पैसे वाढवायला निघाला.

आतल्या खोलीत कपड्यांच्या मापाचे कागदी फर्मे टांगायचे खिळे आहेत. त्यातल्या तीन खिळ्यांवर त्याने तीन माणसांचे फोटो लावले. जुन्या काळचे, परके. एक टोपीवाला, एक मिशीवाला, एक चष्मेवाला.

"हे कोण रे? सासरकडचे का?" मी विचारलं.

"गुरू आहेत, आई. शेअर बाजारात यांच्याएवढं कुणी कमावलं नाही. पुस्तकं आहेत यांच्यावर."

"तू पुस्तक संपवलेलं मी कधी पाहिलं नाही."

"ही संपवली."

खोटं नव्हतं ते. जेवतानाही पुस्तक मांडीवर असायचं. दुपारच्या चहाला तो बाहेर यायचा आणि बायांना शिकवायचा. सगळे घाबरून विकतात तेव्हा मिशीवाला खरेदी करायचा. चष्मेवाला एकदा घेतलं की वर्षानुवर्षं हलायचा नाही. आणि टोपीवाला तर राजाच. आधी थोडंसं घ्यायचा, भाव वर गेला तरच आणखी घ्यायचा, आणि खाली यायला लागला की ठरलेल्या जागी विकून मोकळा व्हायचा. रडायचं नाही, वाट बघायची नाही.

"मिशीवाल्याला विचारा हो," आमची काजवाली म्हणाली, म्हणजे काज करणारी बाई, "माझा नवरा आत्ता विकू की वाट बघू?"

बाया हसल्या. मुलगाही हसला. मी हसले नाही.

"यांचं पुढे काय झालं?" मी म्हटलं.

"पुढे म्हणजे?"

"म्हातारपणी. कुणाच्या घरी राहिले, कशाने गेले?"

"ते शिकायचं नसतं, आई. पद्धत शिकायची असते."

तो आत गेल्यावर सून कपबशा विसळत होती. तिचा चेहरा बघूनच मी ओळखलं की हिने वाचलंय.

"तोंडात काय धरलंयस? बोल."

"आई, चष्मेवाला म्हातारा होऊन सुखाने गेला. पण टोपीवाल्याने..." तिने नळ बंद केला. "त्याने खूप कमावलं आणि सगळं घालवलं. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. शेवटी एका सकाळी त्याने खोलीला आतून कडी लावली. लोकांनी दार फोडलं तेव्हा उशीर झाला होता."

"आणि तू त्याचा फोटो भिंतीवर लावू दिलास?"

"तुम्ही तरी कुठे काढलात?"

जीभ माझीच घेतलीय सुनेने.

त्यानंतर माझं लक्ष टाक्यात राहिलं नाही. मुलगा पानावरून अर्धा उठायचा. मोबाइल उपडा ठेवायचा आणि परत उलटा करून बघायचा, जणू त्याखाली विंचू होता. बोलायला गेलं की "काही नाही" म्हणायचा.

मग ती सकाळ आली. दवाखान्याच्या कोटांची घाई होती, कापड रचून ठेवलेलं होतं. मुलगा आत गेला, दार लागलं. पाठोपाठ कडीचा आवाज आला.

बेतताना दार लोटतात. कडी कुणी लावत नाही.

मी पातं सुरू व्हायची वाट बघत बसले. आमच्या कटिंग मशीनचा आवाज भुंग्यासारखा आहे, भिंतीतून ऐकू येतो. तो येईना. बायांची मशीनं एकेक करून थांबली. काजवाली माझ्याकडे बघायला लागली, सून इस्त्री उभी करून बघायला लागली. कुणी हाक मारीना. माझाच नियम होता, आणि मी तो पुरता भिनवला होता.

पातं चालू नाही, मग आत चाललंय काय?

"अरे!" मी ओरडले. माझाच आवाज मला परका वाटला.

मी दारावर थाप मारली.

"अरे, दार उघड! मी हाक मारतेय, मी!"

मी मोठी कात्री उचलली, तिचं पातं फटीत घातलं आणि कडी वर ढकलली. दोनदा निसटली. दार उघडलं तेव्हा मी आधी वर बघितलं, छताकडे. का बघितलं ते मी लिहिणार नाही.

तो खाली होता. स्टुलावर, टेबलाला टेकून. डोळे उघडे. श्वास चालू. मोबाइल समोर, आणि त्यावर लाल रंग.

कापडाला हातही लावलेला नव्हता. टेबलावर खडूने एक जिना काढला होता. थोडा वर चढलेला, मग घसरत खाली आलेला. त्याच्या वाटेत एक आडवी रेघ होती. तिच्याखाली दुसरी. तिच्याखाली आणखी. जिना सगळ्यांना ओलांडून खाली गेला होता.

"ही काय आहे?" मी वरच्या रेघेवर बोट ठेवलं.

"इथे विकायचं होतं."

"मग खालच्या कुणी मारल्या?"

"मी."

"टोपीवाला किती मारायचा?"

त्याने वरच्या रेघेकडे बघितलं. "एकच. पण त्याला हा शेअर माहीत नव्हता, आई. हा परत वर येणार. मला माहितीय. फक्त थोडं थांबायला हवं."

खडू अजून त्याच्या बोटांत होता. टेबलाची कड जवळ आली होती, आता रेघ मारायला जागा नव्हती.

तेव्हा मला दोन्हीकडून भीती वाटली. विकलं नाही तर उरलंसुरलंही जाईल. विकलं तर काय गेलं ते याला कळेल, आणि कळल्यावर हा काय करील? मी त्याची कॉलर मागून घट्ट धरली, लहानपणी रस्ता ओलांडताना धरायचे तशी.

"काप," मी म्हटलं.

"आई, अर्ध्याहून जास्त गेलंय. खोल्या..."

"खोल्या मला दिसतात. काप म्हणते ना!"

त्याने मोबाइलवर बोट ठेवलं. एवढ्याशा हालचालीने ते झालं, कागद फाटल्याइतकाही आवाज आला नाही. मग तो रडला. मी कॉलर सोडली नाही. दारात बाया उभ्या होत्या, काजवालीने तेवढी अक्कल दाखवली आणि त्यांना मागे नेलं.

खोल्या आमच्या झाल्या नाहीत. नवा मालक भाडं वाढवणार म्हणतो.

आणि तो शेअर? त्याच आठवड्यात परत वर आला, त्या पहिल्या रेघेच्याही वर. मुलाने मला सांगितलं नाही, सुनेने सांगितलं. म्हणजे त्याचं खरं होतं. माझ्यामुळे गेलं, असं तो म्हणाला नाही. फोटोही त्याने स्वतःच काढले.

आतल्या खोलीचं दार मी बिजागरीतून उतरवून घेतलं. धूळ येते, बाया कुरकुरतात, कुरकुरू देत. मी तोंड तिकडे करून टाके घालते. पातं फिरत असतं, भुंगा चालू असतो, तोवर बरं असतं. थर संपला की तो मशीन बंद करतो, नवं कापड रचायला. तेवढा वेळ माझी सुई हवेतच राहते.