चुकामूक झाली तर मंडपात

कोडोलीत कुणालाही कोल्हापूर बघायला जायचं असलं की तो आधी माझ्या दारात येतो. मी बिबीजान मणेर. गावात आणि आसपासच्या वाड्यांवर बायकांच्या हातांत बांगड्या भरते आणि माल आणायला महिन्यातून दोनदा राजधानीला जाते. गावातले शहाणे एकदाच कोल्हापूर बघून येतात आणि पुढं वीस वर्षं चावडीवर त्याच गप्पा सांगतात. मी खरं तेवढंच सांगते. सांगितलेलं कुणी ऐकलं नाही तर मात्र माझं टाळकं सरकतं.

पहाटे निघा. भाकरी घरची न्या, आणि कांदा विसरू नका. बैल पंचगंगेच्या पुलाजवळ सोडा, पुढं पेठांत गाडी घातली तर सगळा दिवस 'बाजूला व्हा'च ऐकावं लागेल. बायकांनी कोरं लुगडं नेसू नये, ते पायांत येतं आणि मग धड राजवाडा दिसत नाही, धड रस्ता. देवळाबाहेर पायताण सोडायचं असलं तर घरचं एक माणूस तिथं बसवा, कारण अंबाबाई सगळ्या मुलखाची राखण करते, पायताणाची करत नाही. राजवाड्याच्या पहारेकऱ्याला 'ओ पावणं' म्हणून हाक मारू नका. रंकाळा शेवटी बघा. एवढं पाणी आधी बघितलं की माणसं तिथंच फतकल मारून बसतात आणि बाकीचं सगळं राहून जातं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, चुकामूक झाली तर एकमेकांना शोधत फिरू नका. सरळ मंडपात या आणि तिथंच थांबा.

हा सल्ला मी किती घरांना दिला असेल त्याची गणती नाही. तो चुकीचा आहे हे मला धोंडुवैनीच्या खेपेला कळलं.

धोंडुबाई म्हणजे आमच्या आळीच्या टोकाला राहणाऱ्या सयाजीदादाची बायको. त्यांची एकुलती लेक चिमणाबाई. तीन वर्षांपूर्वी तिला इचलकरंजीजवळ कबनूरला दिली. लग्नादिवशी वऱ्हाड गावच्या शिवेवर येऊन थांबलं आणि सामोरं जायला सयाजीदादाला उशीर झाला. वाटेत बैल लंगडला होता. वऱ्हाड दोन तास उन्हात बसलं. चिमणाची सासू तानाबाई विधवा, पण सगळं घर तिच्या एका भुवईवर चालतं. ती त्या दिवशी नवरी घेऊन जाताना म्हणाली, "आता सयाजीराव स्वताच्या तोंडानं मागतील, तवाच सून माहेरची शीव बघंल." सयाजीदादा तरी कमी कुठं? "मी काय कबनूरची शीव वलांडत न्हाय," म्हणून त्यानं मिशीला पीळ भरला. झालं. दोघांच्या पिळात पोरगी अडकली. तीन वर्षं आईनं लेकीचं तोंड बघितलं नाही.

माझी मावसबहीण नजीरा कबनूरला बांगड्या भरते. आम्ही दोघी कोल्हापुरात एकाच व्यापाऱ्याकडं माल घेतो, त्यामुळं निरोप यायचे. पावसाळा सरल्यावर निरोप आला की चिमणाला दिवस गेलेत, सातवा लागलाय. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, ही तर जगाची रीत. पण सयाजीदादासमोर कबनूरचं नाव निघालं की तो ताट सरकवून उठायचा. धोंडुवैनीनं ही गोष्ट त्याला सांगितलीच नाही. ती माझ्याकडं येऊन रडली. म्हणाली, "बिबीजान, पयल्या खेपंला बाया मरत्यात गं. एकदा तरी डोळं भरून बघू दे मला तिला."

मग मी आणि नजीरानं डोकं चालवलं. तानाबाई नातवाचा नवस बोलायला शुक्रवारी अंबाबाईला येणार होती, सुनेला घेऊन, हातकणंगल्याहून आगीनगाडीनं. नजीराही त्यांच्याबरोबर येणार होती. मी सयाजीदादाच्या कानावर घातलं, की दादा, महाराजांच्या राज्यात पेठापेठांत तालमी झाल्यात, पैलवान बघून घ्या एकदा. तो लगेच तयार झाला. धोंडुवैनीला मी बजावलं, "मालकांना तालमीपाशी उभं करा आणि गर्दीत सटका. दुपारी मंडपात या. चिमणा तितंच आसंल."

शुक्रवारी सगळं ठरल्यासारखं घडलं. बैल पुलापाशी सोडले. सयाजीदादा तालमीच्या खिडकीला चिकटला तो चिकटलाच. धोंडुवैनी मागच्या मागं सटकली. जाता जाता मी तिला पुन्हा म्हटलं, "मंडपात, ध्यानात हाय न्हवं?" ती म्हणाली, "व्हय की, लगीन झाल्यावर एकदा आलती मी. म्हाईत हाय मला." मी माझा माल बांधून घेतला आणि जुन्या राजवाड्यापुढच्या भवानी मंडपात गेले.

चिमणा तिथं खांबाला टेकून बसली होती. पोर वाळली होती, पोट तेवढं पुढं आलेलं. मला बघून हसली आणि लगेच माझ्या मागं बघायला लागली. नजीरा तानाबाईला लुगडी दाखवायच्या निमित्तानं बाजूला नेणार होती, पण तानाबाईचे पाय सुजले होते आणि ती लेकाची बायको सोडून हलायला तयार नव्हती. बसली भाकरीचं फडकं सोडून. मी म्हटलं, असू दे, वैनी आल्या की बघू.

वैनी आल्याच नाहीत. ऊन कलायला लागलं. आगीनगाडीची वेळ जवळ येत होती. चिमणा येणाऱ्या दर लुगड्याकडं मान वर करून बघायची आणि खाली घालायची. मला धोंडुवैनीचा असा राग आला म्हणता, समोर असती तर बखोट धरून आणली असती.

आणि मंडपाच्या दारातून आला कोण? सयाजीदादा. बायको हरवली म्हणून घाबरून त्यानं माझा सल्ला अगदी अक्षरशः पाळला होता. लोकांना मंडप विचारला आणि लोकांनी बोट दाखवलं तिकडं तो आला.

मला बघून तो जवळ आला आणि मग त्याला चिमणा दिसली. ती खांबाला धरून उभी राहिली. हातच्या काकणाला आरसा कशाला? त्यानं काही विचारायची गरजच नव्हती. तरी त्यानं मला विचारलं, लेकीकडं न बघता.

"कितवा?"

"सातवा सरला, दादा."

"आन मला कुनी सांगिटलं न्हाय."

"ऐकलं असतं व्हय तुमी?" मी म्हटलं. माझीही जीभ त्या दिवशी ताब्यात नव्हती.

तानाबाईनं डोईवरचा पदर सारखा केला. भाकरी बाजूला ठेवली. "काय पावणं," ती म्हणाली, "सामोरं यायला ह्या बी खेपंला उशीरच केलासा."

मला वाटलं, आता हा पाठ फिरवणार आणि संपलं. पण तो तिथंच उभा राहिला. म्हणाला, "बैल लंगडला हुता, विहीणबाई. पर मला पळत याय येत हुतं. मी आलो न्हाय. चुकलं माझं."

"हे तीन वर्सामागं म्हनाय काय झालतं?"

"कबनूरच्या शिवंत यून कसं म्हनू? आन तुमी कोडोलीच्या शिवंत येनार न्हाय. हितं कुनाची शीव? म्हाराजांची. तवा हितं मागतो. लेक न्ह्याय द्या मला."

मंडपातली चार माणसं वळून बघायला लागली. तानाबाईनं सुनेकडं बघितलं. चिमणा रडत होती, पण आवाज न करता. सासरी शिकली असावी. मग ती गुडघ्यावर हात देऊन उठली.

"न्हेतासा तर आत्ताच न्ह्या," ती म्हणाली. "घरला गेल्यावर माझं मन परत फिरंल. मला माझा सभाव म्हाईत हाय. आन पोरीला दूध द्या, आमच्यात पीत न्हवती, तुमच्यात पीती का बघा."

एवढं बोलून ती नजीराला घेऊन स्टेशनाकडं चालती झाली. सयाजीदादा लेकीला धरून पुलाकडं निघाला. पाऊल जपून टाकत होता, जणू पोटुशी तोच. जाताना मला म्हणाला, "त्या बाईला हुडक. कुटं गेली कुनाला ठावं."

मी पेठा पालथ्या घातल्या. शेवटी महाद्वारापाशी एका फुलवालीला विचारलं, की बाई, अशी अशी बाई मंडपात आली नाही, कुठं गेली असेल? ती म्हणाली, "कुठला मंडप? भवानी मंडप का देवळातला गरुड मंडप?"

देवळात मी कधी गेलेच नव्हते. आम्हा बांगडीवाल्यांचा मंडप एकच, माल बांधला की टेकायचा. आणि धोंडुवैनीचा मंडपही एकच, नवी नवरी म्हणून ज्यात बसली होती तो. दोघी एकच शब्द बोललो आणि मधे देवळाची भिंत. एवढी वर्षं मी लोकांना काय सल्ला देत होते कोण जाणे!

तेवढ्यात ती आतून बाहेर आली. दुपारपासून तिथं बसून होती. डोळे सुजलेले, कुंकू फिसकटलेलं. मला बघितल्याबरोबर तिचा तोल गेला.

"दाखीवलीस मला लेक! मंडप मंडप म्हनून नाचत हुतीस! सगळ्या बाया बघिटल्या, एक माझी न्हवती. आता गेली की गं ती गाडीनं!"

"वैनी, ऐका तर—"

"तोंड उघडू नगंस. एक शबूद बोललीस तर माझं मेलेलं तोंड बघशील."

मलाही माझा पीळ आहे. शिवाय अशी शपथ घातल्यावर बोलायचं कसं? नाही उघडलं तोंड. पुलापर्यंत ती शिव्या घालत होती आणि मी मुकाट ऐकत होते. चूक माझी होती, तेव्हा ऐकायला काही वाटलंही नाही. पुलापाशी आमची गाडी उभी. सयाजीदादा आमच्याकडं पाठ करून उगाच जोताची दोरी सोडत आणि बांधत होता. त्याला बघून तिला आणखी भरून आलं. "चला घरला," ती म्हणाली, "बघिटलं तुमचं कोल्हापूर," आणि पदरानं डोळे दाबत गाडीत चढायला लागली.

आतून एक हात आला आणि त्यानं तिचं मनगट धरलं.

"आये, किती वाट बघाय लावलीस गं!"

धोंडुवैनी अर्धी गाडीत आणि अर्धी खाली, तशीच थांबली. मग तिनं अंधुक उजेडात लेकीचं तोंड चाचपलं, गळा चाचपला, पोटावर हात ठेवला आणि तो तिथंच राहू दिला. रडायची एवढी तयारी करून आलेली बाई, पण रडली नाही. नवऱ्याकडं वळून म्हणाली, "बैल हळू हाका. उजाडलं तरी चालंल, पर पोरीला हिसका बसाय नगं."