कलशातली घरघर

बायको सरला गेल्याचा दवाखान्यातून फोन आला तेव्हा नरहरीच्या हातात तापलेलं सोल्डरिंग आयर्न होतं. टेबल जळल्याचा वास आला, तेव्हा कुठे त्याला भान आलं. रेल्वेच्या सिग्नल खात्यातून निवृत्त झालेला माणूस. बोटाच्या पेराएवढ्या चिपा जोडून बोलणारी, वाजणारी यंत्रं करायचा. त्या दिवसापासून त्यानं त्यांना हात लावला नव्हता.

दोन महिन्यांनी मुलगी मंजिरी त्याला ओढतच समता कॉलनीत एका महाराजांकडे घेऊन गेली. हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. समोर पाटावर पितळी कलश, मागे महाराज. कलशाला बोट लावलं की गेलेलं माणूस बोलायचं. नऊ दिवसांपूर्वी कलशाच्याच सांगण्यावरून मंजिरीनं आपल्या फिटच्या गोळ्या सोडल्या होत्या. बापालाही पटावं, म्हणून आज पुन्हा नंबर लावला होता.

"आत्मा को टॉवर नहीं लगता, श्रद्धा लगती है," महाराज म्हणाले. "और श्रद्धा में रोमिंग फ्री है!"

बायका डोळे पुसता पुसता हसल्या.

आत्म्याला ओळख पटावी म्हणून नाव नोंदवतानाच महाराजांची माणसं गेलेल्या माणसाच्या आवाजाचे मेसेज मागून घेत. मंजिरीनं आईचं होतं नव्हतं ते सगळं दिलं होतं. तिनं बोट लावलं.

"आई, गोळ्यांचं काय करू?"

"बंद करा," कलशातून सरला बोलली.

नरहरी पुढे सरकला. आवाज तिचाच. पण त्यामागे बारीक घरघर होती. ती त्यानं ओळखली. गच्चीवरच्या टाकीला त्यानं चिप बसवली होती. पाणी काठाला आलं की ती सरलाच्या आवाजात ओरडायची, 'टाकी भरली, बंद करा!' तो आवाज त्यानं चालू पंपाशेजारीच टिपला होता; मंजिरीनं दिलेल्यात तोही होता, फक्त त्यातलं 'टाकी भरली' कापलं होतं.

"महाराज, स्वर्ग में पानी का पंप है का?"

"कौन है ये?"

"ज्याची बायको बोलून राहिली, तो."

त्यानं कलश उचलला आणि उघडला. आत चिप, आवाजाचं कार्ड, छोटा स्पीकर.

"पितळेला बोट लागलं की चिपला कळते, अन् ती कार्डावरचा आवाज वाजवते. आवाज तर आपणच नेऊन दिला ना!"

महाराज मागच्या दारानं निघाले. पुढच्या रांगेतली कलावती मात्र नरहरीवरच चिडली. "काहे खोले, भैया? मेरा बेटा बोलता था इसमें."

त्यानं कलश तिच्यापुढे पाटावर ठेवला.

घरी मंजिरी म्हणाली, "बाबा, आवाज तर आईचाच होता ना?"

"आवाज तिचा होता, पोट्टी. सांगणं तिचं नव्हतं. चार वर्षं घड्याळ लावून गोळ्या दिल्या तिनं तुले."

दुःखात माणूस काहीही ऐकायला तयार होतो, यात लाज नाही. पण औषधाचं डॉक्टरलाच विचारावं, आणि भांडं बोलू लागलं तर आधी उचलून पाहावं. नरहरीनं डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, आजच सुरू करा.

गोळी आणि पाण्याचा पेला मंजिरीपुढे ठेवला आहे. तिनं ती अजून घेतलेली नाही.