कुणीतरी मला मागे घ्या

"मी 'थांब' म्हणालो होतो की नाही?"

"म्हणालात. पण नीट म्हणाला नाहीत."

"थांब म्हणायचीही पद्धत असते का?"

"मास्तर म्हणतात तसं म्हणायचं. ते म्हणतात आणि गाडी थांबते."

बापलेकीचं हे भांडण माझ्या पोटात चाललंय. बाहेरून मी दिसत नसेन म्हणून सांगते. लाँड्रीच्या मागच्या आवारात, ओल्या चादरीखाली, धुवायच्या कपड्यांच्या गाठोड्यांत नाक खुपसून जी उभी आहे, ती मी निळी गाडी बोलतेय. चादर डबलबेडची, फुलाफुलांची. या वयात मला असलं पांघरूण शोभत नाही, पण विचारतंय कोण.

माझा जन्म कारखान्यातला. एकाने दारं लावली, एकाने काचा बसवल्या, आणि एक जण माझ्या खाली उताणा पडून जेवणाच्या सुट्टीपर्यंत शीळ घालत राहिला. त्याने नक्की काय बसवलं ते मला आजतागायत कळलेलं नाही, पण अजून एकदाही गळून पडलेलं नाही. कारखान्यातून बाहेर पडल्यावर मात्र मला कुणी हाताला धरून शिकवलं नाही. चढ मला चढानेच शिकवला, खड्डे खड्ड्यांनी शिकवले. म्हणून कुणी मला 'डबडं' म्हणालं की माझा रेडिएटर तापतो.

पहिला मालक दातांचा डॉक्टर. रोज पुसायचा, पण कुणी दार आपटलं की स्वतःचाच जबडा धरायचा. त्याच्याकडून मला या बापाने, चष्म्याचं दुकान चालवणाऱ्या चष्मेवाल्याने घेतलं. मी घरी आले त्या दिवशी सगळ्यांनी आळीपाळीने हॉर्न वाजवला, तेव्हा ही पोर मागच्या सीटवर उभी राहून थयथय नाचत होती. भिंगरी हे नाव तिला तेव्हापासून चिकटलं, आणि शिक्षण संपवून ती कमावती व्हायला निघाली तरी सुटलं नाही. चष्मेवाल्याची बायको पहिल्या दिवसापासून मागे बसते. "पुढे बसलं की रस्ता दिसतो," म्हणते. मागे बसून उजवा पाय माझ्या तळाशी रुतवते, जणू तिथे ब्रेक आहे. तेवढ्या जागेची चटई पार झिजून गेलीये.

पुढे चष्मेवाल्याने दुकान घराखालीच आणलं आणि माझं काम संपलं. मी जिन्याच्या बाजूला उभी राहिले. टपावर मांजर व्यालं. काचेवरच्या धुळीत कुणीतरी बोटाने 'मला धुवा' असं लिहिलं. अक्षर वळणदार होतं, म्हणून मी रागावले नाही. मग भंगारवाला आला. त्याने माझ्या टायरला लाथ मारली आणि म्हणाला, "हं." एवढ्या मोठ्या आयुष्यावर तो माणूस नुसतं 'हं' म्हणाला.

नेमकं त्याच आठवड्यात भिंगरीला काम लागलं. घरोघरी जाऊन म्हाताऱ्या माणसांचे आखडलेले गुडघे मोकळे करून द्यायचे. अट एकच, स्वतःचं वाहन पाहिजे. सोमवारपासून हजर व्हायचं. ती बापाकडे गेली तर तो म्हणाला, "मला चालवून दाखव. जमलं तर गाडी तुझी. नाही जमलं तर भंगारवाला येतोच आहे."

तिला जमेल अशी मला आशा होती, पण खात्री नव्हती, कारण मला एक गोष्ट माहीत होती. भिंगरी गाडी शिकायला जाते त्या शाळेची पांढरी गाडी रोज माझ्या शेजारी येऊन थांबायची. भारी बडबडी. तिने सांगितलं, "मला ब्रेक दोन, क्लच दोन. एक जोडी शिकणाऱ्याच्या पायाशी आणि एक मास्तरच्या. मास्तर मांडीवर पेपर पसरतो, खालून पायाने सगळं स्वतःच करतो आणि वरून म्हणतो, शाबास."

"आणि पोर काय करते?" मी विचारलं.

"स्टिअरिंग धरते. छान धरते हो. फक्त रिव्हर्सला मास्तरचं काही चालत नाही. त्याची मान आखडलीये, मागे वळून बघता येत नाही. म्हणून खाली उतरतो आणि माझ्या मागे उभा राहून हात हलवतो. तेवढं मात्र पोर स्वतःच्या पायांनी करते. मास्तर चिरडला जाऊ नये म्हणून मन लावून करते."

आता आज काय झालं ते तुमच्या लक्षात आलं असेल. भिंगरीने रिव्हर्सच्या सवयीने क्लच सोडत मला सुरू केलं, कोपऱ्यावर सुरेख वळवलं, सायकलवाल्याला वाट दिली. मला अगदी भरून आलं. मग लाँड्रीपाशी उतार आला. बाप म्हणाला, "थांब." पोरीने दोन्ही पाय उचलून नीट जवळ घेतले आणि परक्या घरी आलेल्या पाहुण्यासारखी वाट बघत बसली. मी मात्र निघालेच. उघड्या फाटकातून, चादरींच्या ओळींमधून, थेट गाठोड्यांत. इंजिन बंद पडलं. कुणाला लागलं नाही. तेव्हापासून भांडण चालू आहे.

"मी दाबला होता ब्रेक," मागून आई म्हणाली.

"तू मागे बसलीयेस."

"म्हणून तर एवढ्यावर निभावलं."

बापाने भिंगरीकडे मोर्चा वळवला. "ब्रेक कुठे असतो ते तरी सांगितलंय का तुला?"

"ब्रेक मला माहीत आहे. तो रिव्हर्सला लागतो."

"आणि पुढे जाताना?"

"पुढे जाताना मास्तर असतात."

बापाने काचेवरच्या चादरीतल्या फुलांना हात जोडले. मग म्हणाला, "संपलं. भंगारवाल्याला आजच बोलावतो."

"बाबा, सोमवारी मला कामावर जायचंय."

"बसने जा."

"एका गुडघ्याहून दुसऱ्या गुडघ्याला पोचेपर्यंत अंधार पडेल. ते दुसऱ्या कुणाला तरी घेतील."

"घेऊ देत. जिला ब्रेक माहीत नाही तिच्या हातात मी गाडी देणार नाही."

लाँड्रीवाला खिडकीशी वाकला. "भांडण सावकाश होऊ द्या. पण ती चादर आजच द्यायचीये."

"हो बाजूला," बाप भिंगरीला म्हणाला. "मी काढतो बाहेर."

दोघांनी जागा बदलल्या आणि मी मनातल्या मनात कपाळावर हात मारला. डावीकडे भिंत, उजवीकडे भिंत, समोर गाठोडी आणि त्यामागे पुन्हा भिंत. बाहेर पडायची वाट एकच, मागे. आणि इतक्या वर्षांत या माणसाने मला एकदाही मागे नेलेलं नाही. घरी येताना सगळ्या वस्तीला वळसा घालतो आणि तोंड बाहेरच्या बाजूला करूनच मला उभी करतो. एकदा पेट्रोल पंपावर पुढे ट्रक बंद पडला, तर मेकॅनिक येऊन तो दुरुस्त होईपर्यंत आम्ही त्याच्या मागे बसून राहिलो. लोकांना सांगतो, "मी मागे जाणाऱ्यातला नाही." लोकांना वाटतं, काय बाणेदार माणूस आहे.

त्याने आरसा पुसला. सीट पुढे घेतली, मागे घेतली. गिअरचा दांडा हलवला तर मी अशी करकरले की लाँड्रीवाल्याने कान झाकले.

"आरशात काहीच दिसत नाही," बाप म्हणाला.

"चादर आहे, बाबा." भिंगरी उतरली, माझ्यावरची चादर काढून लाँड्रीवाल्याच्या हातात दिली आणि खिडकीशी येऊन उभी राहिली. "आता?"

आता स्वच्छ दिसत होतं. दांडा पुन्हा करकरला.

"बाबा, तुम्हाला रिव्हर्स येत नाही?"

"येतो. मी घेत नाही."

"मग आज घ्या."

"माझं मी बघतो."

"बघा की. आम्हीही बघतो," आई मागून म्हणाली.

"पुढची भिंत पाडू का?" लाँड्रीवाल्याने विचारलं. "सरळ निघून जाल."

बापाने दांडा सोडला. दोन्ही हात स्टिअरिंगवर, मान खाली. लोकांना दूरचं आणि जवळचं दिसावं म्हणून जन्मभर काचा बसवून देणारा हा माणूस माझ्या वेगमापकाकडे बघत राहिला. तिथला काटा शून्यावर होता.

माणसांनो, मी फटकळ आहे, पण मला तुमची दया येते. न येणाऱ्या गोष्टीला तुम्ही तत्त्व म्हणता आणि तिच्याभोवती वळसे घालत जन्म काढता. मला पुढचेही गिअर आहेत आणि मागचाही आहे, आणि कुठलाच वापरायची मला कधी लाज वाटली नाही. माझं मागणं फार नाही. रोज थोडं पेट्रोल, चाकात हवा आणि कुणाच्या तरी गुडघ्यांपर्यंत जायची घाई. ते मिळणार नसेल तर मला भंगारात घाला, पण आधी या गाठोड्यांतून काढा, इथे मोज्यांचा वास येतोय.

भिंगरी हसेल असं मला वाटलं. बाप आयता तावडीत सापडला होता. पण तिने माझं दार हलकेच उघडलं आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "सरका बाबा, रिव्हर्स मी तुम्हाला दाखवते, पुढचा ब्रेक तुम्ही मला दाखवा, आणि भंगारवाल्याला कळवा की गाडी मोकळी नाही."